चावीचा ग्रामोफोन कोणी बनवला?

विजेशिवाय चालणारा चावीचा ग्रामोफोन जुन्या वाड्याच्या माळ्यावर सापडला, तर त्याचा कर्ता कसा ओळखायचा?

आधी झाकणाच्या आतली बाजू पाहा. कुत्र्याचे चित्र असेल तर यंत्र ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे असण्याची शक्यता मोठी. या कंपनीची पेटीसारखी हातात नेता येणारी दोन मॉडेल गाजली : 1925 चे 101 आणि 1931 चे 102. मग सुई बसते तो साउंडबॉक्स तपासा. 101 वर बहुधा 4 क्रमांकाचा, तर 102 वर 5ए किंवा 5बी आढळतो. मात्र दुरुस्तीत साउंडबॉक्स बदललेला असू शकतो, म्हणून एकाच खुणेवर निष्कर्ष काढू नये.

आतल्या मोटरवर इंग्लंडच्या गॅरार्डचे किंवा स्वित्झर्लंडच्या थोरेन्सचे नाव दिसू शकते. ते मोटरच्या कारखान्याचे; अनेक कंपन्या मोटर बाहेरून घेत. तबकडीवरचे नावही यंत्राचा पुरावा नव्हे.

झगझगीत पितळी कर्णा, नवे पॉलिश आणि स्क्रूने बसवलेली कुत्र्याची पितळी पट्टी असेल तर सावध व्हा. असे नग बहुधा जुने सुटे भाग जोडून अलीकडे तयार केलेले असतात.

मोटर उघडण्याआधी चावी पूर्ण उतरू द्या. ताणलेली स्प्रिंग उसळून हाताला इजा करते.