न विरघळणाऱ्या धनाग्राच्या शोधात

मे १८००. लंडनमध्ये विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी पितळेच्या दोन तारा पाण्यात सोडल्या आणि व्होल्टाच्या बॅटरीला जोडल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. दुसरी काळवंडत गेली. ऑक्सिजन तारेनेच गिळला होता. प्लॅटिनमच्या तारा लावल्या तेव्हा कुठे तो मोकळा झाला. त्या टोकाला, म्हणजे धनाग्राला, ‘ॲनोड’ हे नाव फॅरेडेने १८३४ मध्ये दिलं, पण प्रश्न आधीच उभा राहिला होता: ऑक्सिजन सोडेल आणि स्वतः शाबूत राहील, असा धातू कोणता?

१८३६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शोनबाइनने पाहिलं, की सौम्य नायट्रिक आम्लात भराभर विरघळणारं लोखंड तीव्र आम्लात गप्प बसतं. ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा त्याला सांभाळतो. पुढची सारी धडपड अशा पापुद्र्याभोवतीच फिरली, असं मला वाटतं. तांब्याच्या शुद्धीकरणात मात्र झीजच हवी असते: एल्किंग्टनच्या १८६५च्या पद्धतीत अशुद्ध तांबं विरघळतं आणि सोनं-चांदी तळाच्या गाळात उरते.

जस्ताच्या कारखान्यांनी सल्फ्युरिक आम्लातल्या ॲनोडसाठी शिसं निवडलं. त्यावर लेड डायऑक्साइडचा थर बसतो, थोडी चांदी मिसळली की झीज मंदावते. तरी शिशाचा अंश जस्तात उतरतोच. १९६०च्या दशकात हेन्री बीअरने टायटेनियमवर रुथेनियम ऑक्साइड चढवलं आणि क्लोरिनच्या कारखान्यांतून ग्रॅफाइटचे ॲनोड हद्दपार होऊ लागले. पण आम्लात ऑक्सिजन काढायचा म्हटलं, की रुथेनियमचा टिकाव लागत नाही. उरतं इरिडियम, जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन मिळणारं, तेही बहुतांशी दक्षिण आफ्रिकेच्या प्लॅटिनम खाणींतून.

गेल्या दशकात ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेत चेरेव्को, मायरहोफर आणि सहकाऱ्यांनी प्रक्रिया चालू असतानाच द्रावणात उतरणारा धातू मोजला. सोनं, प्लॅटिनम, इरिडियम, सगळेच विरघळत होते. ऑक्सिजन सुटतो तेव्हा पापुद्र्यातलाही थोडा निघून जातो आणि धातूचा अणू उघडा पडतो. २०१८ पासून हिशेब असा मांडला जातो: इरिडियमचा एक अणू जाईपर्यंत ऑक्सिजनचे किती रेणू सुटले?

प्लॅटिनमची झीज तर विद्युतदाब वरखाली होताना सर्वाधिक होते. भारताला २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन हवा आहे. त्यासाठी पाण्याचं विघटन करणारी सौरवीज रोज संध्याकाळी मावळते आणि सकाळी पुन्हा येते.