कोल्हापूरचा अनिकेत आणि व्हॅलेन्सियाचा फेरान

बडोद्याच्या मराठी घरांतून खेळाचा विषय निघाला की तो बहुधा क्रिकेटपाशी येऊन थांबतो, आणि ते स्वाभाविकही आहे. विजय हजारे यांचा जन्म सांगलीचा. परंतु त्यांची कीर्ती बडोद्याच्या नावाशी कायमची जोडली गेली. १९४७ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी व गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली, ती हकीकत आपल्याकडे वडीलधारी मंडळी आजही अभिमानाने सांगतात. फुटबॉलच्या वाट्याला आपल्या घरांत असे कौतुक आलेले नाही. म्हणून या लेखात आम्ही दोन फुटबॉलपटूंच्या आरंभीच्या वाटचालीचा परिचय करून देण्याचे योजिले आहे. एक आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव आणि दुसरा स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतातला फेरान तोरेस. दोघांचाही जन्म २००० सालचा, दोघेही आघाडीचे खेळाडू, आणि २०१७ च्या ऑक्टोबर महिन्यात दोघेही एकाच स्पर्धेसाठी भारताच्या भूमीवर उतरलेले. असे असूनही दोघांच्या वाटा किती भिन्न होत्या, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम आघाडीच्या खेळाडूचे काम काय, ते समजून घेऊ. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे क्रीडांगण सामान्यतः १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. गोलाच्या दोन खांबांतील अंतर ७.३२ मीटर आणि आडव्या दांडीची उंची २.४४ मीटर. एवढ्या विस्तीर्ण मैदानात अकराजणांच्या डोळ्यांत धूळ फेकून चेंडू त्या चौकटीत घालणे, हे आघाडीच्या खेळाडूचे मुख्य कर्तव्य होय. त्यातच ऑफसाइडचा नियम त्याच्या पायांत बेडीसारखा असतो. सहकारी चेंडू पुढे देतो त्या क्षणी हा खेळाडू प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात असेल, आणि चेंडू व प्रतिपक्षाचा शेवटून दुसरा खेळाडू या दोहोंपेक्षा गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तर ते स्थान ऑफसाइडचे ठरते. तेथून त्याने खेळात भाग घेतला की पंच शिट्टी वाजवितात. म्हणजे अर्धे पाऊल आधी निघाला तर नियमभंग, अर्धे पाऊल उशिरा निघाला तर बचावपटू चेंडू घेऊन जाणार! हे अर्ध्या पावलाचे गणित फळ्यावर शिकता येत नाही. ते सामन्यांतच अंगवळणी पडते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच आधारलेले आहे.

आता अनिकेतकडे वळू. कोल्हापूर म्हटले की आपणांस कुस्ती आठवते. परंतु त्या नगरीत तालमींनीच फुटबॉलही जोपासला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे मूळची आखाड्यांची. पुढे त्याच नावांचे फुटबॉल संघ झाले. शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या संघांची गाठ पडली की अवघे शहर दोन तट करून बसते. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा सांगणाऱ्या बडोदेकरांस आखाडा आणि वस्ती यांचा हा जिव्हाळा वेगळा समजावून सांगावयास नकोच. अशा गावात वाढलेला अनिकेत पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. तेथे मुलांस शाळेचे शिक्षण व खेळाचे शिक्षण दोन्ही मिळते. त्यानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी जो संघ घडविण्यास घेतला, त्यात त्याची निवड झाली.

फेरानची वाट याहून सरळ होती. तो अवघ्या सहा वर्षांचा असताना व्हॅलेन्सिया क्लबच्या बालविभागात दाखल झाला. स्पेनमधील मोठे क्लब वयोगटांच्या पायऱ्या बांधून ठेवतात. प्रत्येक पायरीवर नियमित सामने होतात आणि सर्वांत वर पहिल्या संघाच्या लगत एक राखीव संघ असतो. हा राखीव संघ प्रौढांच्या खालच्या श्रेणीत खेळतो, त्यामुळे मुलांस लहानपणीच थोरांशी झुंजण्याची सवय लागते. फेरान याच पायऱ्या चढत वर आला. त्यास संघ शोधावा लागला नाही की गाव सोडावे लागले नाही.

६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्ली येथे भारताने फुटबॉलच्या कोणत्याही वयोगटातील विश्वचषकात पहिलेच पाऊल टाकले. अमेरिकेने तो सामना ३-० असा जिंकला. कोलंबियाकडून भारत २-१ असा पराभूत झाला. मात्र त्या सामन्यात जीक्सन सिंग याने विश्वचषकातील भारताचा पहिला गोल नोंदविला. घानाविरुद्धचा सामना ०-४ असा गेला आणि अनिकेतच्या संघाची स्पर्धा संपली. तिकडे स्पेनचा संघ पुढे पुढे जात राहिला. नवी मुंबईत झालेल्या उपान्त्य सामन्यात त्याने मालीवर ३-१ अशी मात केली, त्यांतील एक गोल फेरानचा होता. कोलकात्याच्या अंतिम सामन्यात मात्र इंग्लंडने स्पेनला ५-२ असे नमविले.

स्पर्धा संपली. दिवे मालवले. आता खरा प्रश्न उभा राहिला, आणि आमच्या मते तोच या लेखाचा गाभा आहे. सतरा वर्षांच्या या मुलांनी उद्या खेळावे कोठे? फेरानपुढे हा प्रश्नच नव्हता. तो घरी परतला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्पेनच्या सर्वोच्च साखळीत व्हॅलेन्सियाकडून मैदानात उतरला. भारतीय मुलांच्या मागे अशी शिडी नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी महासंघाने 'इंडियन ॲरोज' हा तरुणांचा संघ पुन्हा उभा केला आणि त्यास आय-लीग या व्यावसायिक साखळीत उतरविले. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी या संघाने आपल्या पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीसारख्या प्रौढांच्या संघाला ३-० असे हरविले. त्यांतील दोन गोल अनिकेतचे होते! पुढे तो संघ गुणतक्त्यात तळाशी राहिला, हेही खरे. परंतु जे अर्धे पाऊल सामन्यांतच शिकता येते, ते शिकण्याची जागा त्या मुलांस मिळाली. २०२२ साली हा संघ बंद करण्यात आला.

वाटेत ठेचाही लागल्या. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात भारताचा वीस वर्षांखालील संघ स्पेनमध्ये, फेरानच्याच व्हॅलेन्सिया प्रांतात, एका स्पर्धेसाठी गेला होता. तेथे भारताने अर्जेंटिनाच्या वीस वर्षांखालील संघाला २-१ असे नमविले. त्या सामन्याच्या उत्तरार्धात अनिकेतला तांबडे कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढण्यात आले होते. उरलेल्या दहाजणांनी किल्ला लढविला. विजयाच्या दिवशी बाहेर बसून पाहावे लागणे ही तरुण खेळाडूस मोठीच शिक्षा. पण त्या एका दिवसाने त्याची वाटचाल थांबली नाही. इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबात त्यास सरावाची संधी मिळाली. हा क्लब २०१० साली पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाने विकत घेतला होता. २०१९ मध्ये तो जमशेदपूर संघात आणि २०२१ मध्ये हैदराबाद संघात गेला.

हैदराबादचे त्या वेळचे प्रशिक्षक मानोलो मार्केस हे स्पेनचे आणि त्या संघातील एक आघाडीचा खेळाडू हावियेर सिवेरिओ हाही स्पेनचाच. डिसेंबर २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडवर हैदराबादने ५-१ असा विजय मिळविला, तेव्हा अखेरच्या क्षणांत एक गोल अनिकेतने आणि एक सिवेरिओने केला. २० मार्च २०२२ रोजी गोव्यातील फातोर्डा येथे केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी फटक्यांवर हरवून हा संघ इंडियन सुपर लीगचा विजेता ठरला. तोवर फेरान व्हॅलेन्सियाहून मँचेस्टर सिटीत आणि तेथून बार्सिलोनात पोहोचला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये स्पेनने जर्मनीचा ६-० असा पाडाव केला, त्यांत तीन गोल एकट्या फेरानचे होते.

या दोघांची तुलना कोणास उणे लेखण्यासाठी आम्ही केलेली नाही. एकाच्या पायाखाली बांधलेला जिना होता. दुसऱ्यास प्रत्येक पायरी शोधीत जावे लागले. जिद्द दोघांपाशीही होती. अंतर पडले ते मुख्यतः मिळालेल्या सामन्यांचे आणि सातत्याचे. यावरून आपण काय घ्यावे? मुलाच्या अंगी गुण दिसताच त्यास एकदम शिखराची स्वप्ने दाखविण्यापेक्षा त्याला दर आठवड्यास एक चांगला सामना मिळेल अशी व्यवस्था करणे अधिक हिताचे आहे. त्यास फार द्रव्य लागत नाही. एक मोकळे मैदान, वेळेवर येणारा शिक्षक, शेजारच्या शाळेशी ठरलेली लढत आणि अभ्यासाची घडी न मोडता मुलास खेळू देणारे पालक एवढे असले तरी पुरे. कोल्हापूरच्या पेठांनी हे आपल्या बळावर करून दाखविले आहे. कारेलीबागेतील मोकळ्या जागांवर संध्याकाळी चेंडूमागे धावणाऱ्या मुलांसाठी तेवढे करणे आपणांसही अशक्य नाही.