यांत्रिक कारकुनास साधनाचें वर्णन

संगणकावर आपल्या वतीनें कामें उरकणारा ‘एआय एजंट’ हा एक प्रकारचा कारकूनच होय. कोणतें सॉफ्टवेअर केव्हां व कसें वापरावें, हें तो मुख्यतः त्याच्या लेखी वर्णनावरून ठरवितो. वर्णनांत जें नसतें, तें पुष्कळदां अंदाजानें भरून काढतो.

खताची मात्रा काढणारें साधन घेऊं. सात-बारावर क्षेत्र हेक्टर-आर, तर आपल्या बोलण्यांत एकर-गुंठे. ‘क्षेत्र लिहावें’ एवढेंच वर्णन असल्यास १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, कीं १ एकर २० गुंठे? पहिलें क्षेत्र सुमारें ३ एकर, दुसरें अवघें १॥ एकर. मात्रा दुप्पट वा निमपट होऊन पीक व पैसा दोहोंची हानि होते.

यास्तव वर्णनांत साधनाचें काम, त्याची मर्यादा, प्रत्येक आंकड्याचें माप, एक सोडविलेलें उदाहरण व माहिती अपुरी असल्यास मिळणारें उत्तर, इतकें स्पष्ट असावें. २०२४ सालीं अँथ्रॉपिक कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ पद्धतींत साधनाचें नांव, वर्णन व लागणाऱ्या माहितीचा नमुना यांस जागा आहे. परंतु ती नीट भरणें साधन करणाराच्याच हातीं आहे. सहकारी संस्थांनीं असें साधन घेतांना प्रथम हें वर्णन मागवून वाचावें, अशी आमची सूचना आहे.