‘व्हिसा’ आणि ‘स्टेटस’ : अमेरिकेतील पदवीधर परदेशी विद्यार्थ्याची वास्तव्यस्थिती

परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मराठी बोलण्यात ‘व्हिसा’ हा एकच शब्द दोन भिन्न अर्थांनी योजला जातो. ‘त्याचा व्हिसा संपला’ या वाक्याचा अर्थ ‘त्याच्या पारपत्रावरील मुद्रेची मुदत उलटली’ असा होऊ शकतो. तसाच ‘त्या देशात राहण्याचा त्याचा अधिकार संपला’ असाही होऊ शकतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी सर्वस्वी वेगळ्या आहेत. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षी तेथील ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थ्यांपैकी ९७,५५६ जण शिक्षणोत्तर प्रशिक्षणाच्या टप्प्यावर होते, हे ध्यानी घेतले म्हणजे हा भेद केवळ कोशकारांच्या आस्थेचा विषय नाही हे स्पष्ट होते.

शब्दांची व्युत्पत्तीच येथे मार्गदर्शक ठरते. ‘व्हिसा’ हा शब्द ‘पाहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून फ्रेंचमार्गे आला असून ‘पाहिलेला कागद’ हा त्याचा मूळ अर्थ होय. संस्कृतातील ‘विद्’ धातू याच कुळातला. ‘स्टेटस’ हा शब्द ‘उभे राहणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेला असून तो आपल्या ‘स्था’ धातूचा सगोत्र आहे. म्हणजे ‘स्थिती’ हा त्याचा प्रतिशब्द अर्थानेच नव्हे तर कुळानेही जवळचा ठरतो. व्हिसा दाराशी पाहिला जातो. स्थिती दाराच्या आत, दररोज टिकवावी लागते. म्हणूनच मुद्रेची मुदत संपलेला विद्यार्थी नियम पाळीत असल्यास तेथे वैधपणे राहू शकतो. मात्र तो देशाबाहेर गेल्यास परतण्यासाठी त्याला सामान्यतः नवी मुद्रा घ्यावी लागते. उलटपक्षी, मुद्रेची मुदत शिल्लक असूनही नियमभंगाने एखाद्याची स्थिती नष्ट होऊ शकते.

‘एफ-१’ हा विद्यार्थ्यांचा वर्ग १९५२ च्या कायद्याने निश्चित केला. पदवीनंतरच्या कामाची सध्याची योजना १९९२ पासूनची असून ती ‘ओपीटी’, म्हणजे ऐच्छिक प्रात्यक्षिक प्रशिक्षण, या नावाने ओळखली जाते. तिची मुदत १२ महिने. विज्ञान, तंत्रशास्त्र, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवीधरांना २००८ साली १७ महिन्यांची वाढ मिळाली. २०१६ साली ती २४ महिन्यांची झाली. या काळात विद्यार्थी नोकरी करीत असला तरी कायद्याच्या लेखी तो विद्यार्थीच असतो. पुढील सर्व बंधने यातूनच उद्भवतात.

पहिले बंधन अर्जाचे. अभ्यासक्रम संपण्यापूर्वी ९० दिवसांपासून तो संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. परंतु विद्यापीठातील नियुक्त अधिकाऱ्याने शिफारस नोंदविल्यापासून ३० दिवसांच्या आत तो शासनाकडे पोचला पाहिजे. कामाचे अनुज्ञापत्र हाती येऊन त्यावरील आरंभतारीख उजाडेपर्यंत एक दिवसही काम करता येत नाही.

दुसरे बंधन बेकारीच्या दिवसांचे, आणि सर्वांत अधिक घात होतो तो येथेच. १२ महिन्यांच्या प्रशिक्षणकाळात एकूण ९० दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही. ही गणना अनुज्ञापत्रावरील आरंभतारखेपासून होते, ते टपालाने हाती पडल्यापासून नव्हे. शनिवार-रविवार व सुट्यांचे दिवसही तीत धरले जातात. आठवड्याला किमान २० तास भरतील आणि पदवीच्या विषयाशी साक्षात संबंध असेल, असेच काम ‘काम’ म्हणून मोजले जाते. २४ महिन्यांची वाढ मिळाल्यास आणखी ६० दिवस, म्हणजे एकंदर १५० दिवस, मिळतात. आरंभतारीख शिक्षणसमाप्तीनंतरच्या ६० दिवसांतून विद्यार्थ्यालाच निवडता येते. नोकरी ठरलेली नसेल तर उशिराची तारीख सोयीची, कारण गणना उशिरा सुरू होते. नोकरी ठरलेली असेल तर तीच तारीख अडचणीची होते.

तिसरे बंधन नोंदीचे. ‘सेविस’ या शासकीय नोंदप्रणालीत मालकाचे नाव व पत्ता नसेल, तर विद्यार्थी प्रत्यक्ष नोकरीत असूनही तिच्या लेखी तो बेकारच असतो. निवासाचा पत्ता बदलल्यास १० दिवसांच्या आत कळवावे लागते. वाढीव मुदतीत मालकाने ‘ई-व्हेरिफाय’ योजनेत नाव नोंदविलेले असणे, उभयतांनी सही केलेली प्रशिक्षणयोजना सादर करणे आणि दर सहा महिन्यांनी माहिती पडताळून देणे, ही बंधने वाढतात. वाढीचा अर्ज मूळ मुदत संपण्यापूर्वीच करावा लागतो.

यापुढची पायरी ‘एच-१बी’ या वर्गाची. त्यासाठी वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा असल्याने निवड योग्यतेइतकीच दैवावरही अवलंबून राहते. निवड होऊन मालकाने स्थितिबदलाचा अर्ज वेळेत केला असेल, तर मधल्या काळात विद्यार्थ्याची स्थिती व कामाची अनुज्ञा टिकून राहते. जानेवारी २०२५ च्या नियमाने ही सवलत १ एप्रिलपर्यंत लांबविली. निवड न झाल्यास प्रशिक्षण संपल्यावर निघण्याच्या तयारीसाठी ६० दिवस मिळतात. त्यांत काम करता येत नाही.

नियम पाळणाऱ्याची स्थिती सर्वथा सुरक्षित असते, असे मात्र म्हणता येत नाही. २०२५ च्या वसंतात शासनाने हजारो विद्यार्थ्यांच्या ‘सेविस’मधील नोंदी संपुष्टात आणल्या. अनेकांनी न्यायालयात दाद मागितली, आणि २५ एप्रिल रोजी नोंदी पूर्ववत करण्याचे शासनाने न्यायालयात सांगितले. मुद्रा रद्द झाली म्हणजे स्थितीही आपोआप संपते काय, हा त्या वादांतील एक कळीचा प्रश्न होता. एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरण्याच्या सवयीत जो भेद पुसला जातो, त्याच भेदावर तेथे माणसांचे राहणे-जाणे ठरत होते.

तात्पर्य, मराठीतही पहिल्या कल्पनेसाठी ‘प्रवेशमुद्रा’ आणि दुसरीसाठी ‘वास्तव्यस्थिती’ असे दोन शब्द रूढ होणे इष्ट आहे. मुद्रेची तारीख पारपत्रावर छापलेली असते व कोणालाही वाचता येते. स्थितीचे दिवस मात्र कोठेही छापलेले नसतात. ते ज्याचे त्यानेच मोजावे लागतात.