चटणीचा दोष किती, परीक्षेचा किती?

आजचा विषय अपचनाचा, पण सुरुवात आपण डब्यापासून करू. आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं ते एकाच जिल्ह्यासाठी. त्यामुळे इथली कितीतरी मुलं मंगळवेढा, अक्कलकोट, करमाळा अशा तालुक्यांतली. गावाहून येताना पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असतेच, कारण दोन्ही टिकतात. मग परीक्षा जवळ येते, छातीत जळजळ सुरू होते आणि खापर फुटतं चटणीवर. आम्ही विचारतो, अरे, हीच चटणी घरी खायचास तेव्हा काय व्हायचं? उत्तर येतं, "तेव्हा काहीच नाही."

मग बदललं काय? जेवणाची वेळ, झोप आणि मनातली धास्ती.

मराठीत 'पोटात गोळा आला' म्हणतात ते उगाच नाही. १८९६ च्या अखेरीस हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा विद्यार्थी (तोही वैद्यकीच्या पहिल्याच वर्षाला!) नुकत्याच सापडलेल्या क्ष-किरणांनी प्राण्यांचं पचन पाहू लागला. खाऊन शांत बसलेल्या मांजराच्या जठरात लाटा नियमित चालायच्या. मांजर बिथरलं की त्या थांबायच्या, शांत झालं की पुन्हा सुरू. माणसाचंही तसंच आहे. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं आणि पचन मागे पडतं. अन्न रेंगाळतं, पोट फुगतं, चार घासांत भरल्यासारखं होतं. त्यात ताणामुळे जठर हळवं होतं, एरवी न जाणवणारं आम्लही जाळू लागतं. चरकसंहितेच्या विमानस्थानातही म्हटलंय की चिंता, भय, क्रोध, जागरण यांमुळे मापात खाल्लेलं पथ्याचं अन्नसुद्धा पचत नाही.

अशा वेळी दुर्बिणीने तपासलं तरी बरेचदा जखम दिसत नाही. म्हणून मुलगा नाटक करतोय असं समजू नका. दुखणं खरं असतं. पालकांनी हे जरूर ऐकावं.

चटणी अगदीच निर्दोष आहे असं मात्र नाही. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल, आणि तेलकट अन्न जठरातून उशिरा सरकतं. दुपारी ते खपून जातं. पण दिवस चहावर काढायचा, खानावळ बंद व्हायच्या बेताला पोहोचायचं, भराभर जेवायचं आणि पुस्तक घेऊन आडवं व्हायचं, मग आम्ल वर येणारच. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या. पेपरच्या सकाळी ताकात भाकरी कुस्करून चार घास तरी खा.

आम्हाला खरी काळजी वेगळीच वाटते. जागरणाने डोकं दुखतं म्हणून उपाशीपोटी आयबुप्रोफेनसारखी गोळी, मग जळजळ होते म्हणून ॲसिडिटीची गोळी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिली गोळी जठराच्या अस्तरालाच इजा करू शकते. दुसरीने त्रास दबतो, म्हणून कळत नाही.

वजन उतरत असेल किंवा घास अडकत असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. शौच डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी सिव्हिल गाठा, दुसऱ्या दिवशी पेपर असला तरी.