शुभ्र वस्त्रे आणि कॅमेऱ्याची नजर

शहापूरवरून जाणाऱ्या मुंबई-नाशिक महामार्गावर सकाळी विहार करणाऱ्या साध्वीजी कोणत्या तरी घराच्या संसारपक्षी लेकी असतात. घरच्यांना छायाचित्रासाठी क्षणच मिळतो, आणि नंतर पाहावे तो शुभ्र वस्त्रे करडी, चेहरा काळवंडलेला! कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे मानतो. पांढरे अधिक दिसले की प्रकाश कमी करतो. मुरबाड तालुक्यातील माळशेज घाटाचे पावसाळी धुकेही याच कारणाने मळकट उमटते. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉप वाढवावे. प्रकाश दुप्पट होतो. फ्लॅश मात्र नको. अग्निकायाच्या विराधनेमुळे बहुतेक साधुसाध्वींना तो वर्ज्य असतो. शटर मंद केल्यास चालती व्यक्ती धूसर होते. म्हणून आधी भिंगाचे छिद्र मोठे करावे, न पुरल्यास आयएसओ वाढवावा. चित्र थोडे दाणेदार होईल, पण चेहरा ओळखू येईल.