आवाज मागे, वॉरंटी पुढे

मिशिगनमध्ये नवा पिकअप ट्रक घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात दोन उद्योग हमखास करतो. ओळखीतल्या कुणाचा तरी सोफा वाहून देतो, आणि ट्रकखाली वाकून सायलेन्सर कुठवर गेलाय ते बघतो. माझ्या भाच्याने दोन्ही केले. धड नोकरी लागल्यावर त्याने फोर्ड एफ-१५० घेतली, तीही पाच लिटरच्या व्ही-एट इंजिनाची. मग रविवारी आमच्याकडे जेवताना तक्रार मांडली, "मावशी, आठ सिलिंडरचे पैसे मोजले, पण आवाज कुठाय?"

मी मूळची कोल्हापूरची, उद्यमनगरातल्या लेथच्या घरघरीत वाढलेली, आणि डेट्रॉइटजवळ एक्झॉस्ट बनवणाऱ्या एका कंपनीत गाड्या गप्प करण्याचा पगार घेते. भाच्याला हवा असलेला आवाज काढून टाकायला माझ्यासारखी माणसं महिनोन्महिने मायक्रोफोन लावून बसलेली असतात. तोच आवाज परत घालून द्यायला बाहेरची दुकानं वेगळे पैसे घेतात. या धंद्याला दोन्हीकडून बरकत आहे.

भाच्याला धास्ती होती वॉरंटीची. या ट्रकला एकूण ३ वर्षं किंवा ३६,००० मैल, आणि इंजिन-गिअरबॉक्सला ५ वर्षं किंवा ६०,००० मैल, म्हणजे साधारण ९६,५०० किलोमीटर. ऑफिसात त्याला कुणी सांगितलं होतं, सायलेन्सरला हात लावलास की वॉरंटी गेलीच. अमेरिकेत हे वाक्य मेकॅनिकपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे ठासून सांगतात. पण कायदा तसं म्हणत नाही.

कायद्याचं नाव मॅग्नुसन-मॉस वॉरंटी अ‍ॅक्ट. एक सिनेटर आणि एक काँग्रेस सदस्य अशा दोघांच्या नावाचा हा कायदा जानेवारी १९७५ मध्ये झाला, आणि त्यावर सही करणाऱ्या अध्यक्षांचं आडनाव होतं फोर्ड! 'आमच्याच ब्रँडचा सुटा भाग वापरलात तरच वॉरंटी' अशी अट कंपनीला घालता येत नाही. घालायचीच असेल तर तो भाग फुकट द्यावा लागतो, नाहीतर फेडरल ट्रेड कमिशनकडून खास सूट आणावी लागते. एखादी दुरुस्ती नाकारायची, तर बाहेरच्या भागामुळेच हा बिघाड झाला हे कंपनीने दाखवायचं. म्हणजे तुम्ही दुसरा सायलेन्सर लावलात आणि एसी बंद पडला, तर एसी कंपनीनेच दुरुस्त करायचा. पण नव्या पाइपच्या धगीने शेजारची वायर वितळली, तर तो खर्च तुमचा, आणि नव्या सायलेन्सरची खडखड हीसुद्धा ट्रक कंपनीची डोकेदुखी नाही.

हा कायदा नुसता पुस्तकात नाही. २०२२ मध्ये कमिशनने हार्ले-डेव्हिडसनवर याच कारणासाठी कारवाई केली आणि वॉरंटीतली तसली भाषा काढायला लावली. ही तीच कंपनी, जिने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला होता आणि २००० मध्ये नाद सोडला.

भाच्याला मी ट्रकखाली नेलं. इंजिनातून निघालेला धूर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा. तिथे विषारी वायूंची विल्हेवाट लागते. कन्व्हर्टरच्या अलीकडे-पलीकडे ऑक्सिजन सेन्सर बसलेले असतात. तिथून मागे शेपटीपर्यंत जे आहे, पाइप, सायलेन्सर, टोकाची नळी, तो सगळा निव्वळ आवाजाचा प्रांत. मी खडूने पाइपवर रेघ मारली आणि म्हटलं, "या रेघेच्या मागे तुझं राज्य. पुढे बोटसुद्धा लावायचं नाही."

कारण रेघेच्या पुढे वॉरंटीचा नाही, क्लीन एअर अ‍ॅक्टचा अंमल चालतो. कन्व्हर्टर काढणं किंवा पोकळ करणं थेट बेकायदा आहे. शिवाय कन्व्हर्टर आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला याच कायद्यामुळे ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची वेगळी हमी मिळते. ती हातची घालवणारा माणूस शहाणा नव्हे. दुकानात कन्व्हर्टरच्या मागचा सगळा संच बदलून मिळतो, त्याला इथे कॅट-बॅक म्हणतात. मागच्या अ‍ॅक्सलपलीकडचाच तुकडा बदलला तर अ‍ॅक्सल-बॅक. वॉरंटीच्या दृष्टीने दोन्ही रेघेच्या सुरक्षित बाजूला.

आता खरा विषय, आवाजाचा. दुकानात ट्रक जागेवर उभा असतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की छाती भरून येते आणि लोक क्रेडिट कार्ड काढतात. फसगत इथेच होते, कारण ट्रक काही जागेवर उभा राहत नाही. व्ही-एट इंजिनात दर फेऱ्याला चार स्फोट होतात. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर सुस्त चालत असताना सेकंदाला ४० स्फोट. ती गुरगुर सगळ्यांना आवडते. हायवेवर मिनिटाला १,८०० फेरे धरले तर सेकंदाला १२०. ट्रकच्या केबिनची बंद हवा अशाच कुठल्यातरी खालच्या सुरावर घुमायला टपलेली असते. दोन्ही सूर जुळले की कानात दडे बसवणारा एकसुरी घूं सुरू होतो आणि तासन् तास थांबत नाही. त्यातून २०२१ पासून या इंजिनात, पेट्रोल वाचवायला, हलक्या वेगात काही सिलिंडर आपोआप झोपतात. आठातले चार झोपले की १२० चे ६० होतात आणि घुमणं आणखी खाली उतरतं, जिथे काचा आणि डॅशबोर्डही साथ द्यायला लागतात.

यावर तोड आहे, आणि ती मला फार देखणी वाटते. मुख्य पाइपला एक आडवी नळी जोडायची, दुसऱ्या टोकाला बंद. ध्वनिलहर आत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते. नळीची लांबी लहरीच्या पाव हिश्श्याएवढी ठेवली, तर परतलेली लहर मूळ लहरीच्या बरोबर उलटी पडते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला ४५० ते ५०० मीटर धावतो. म्हणून १०० हर्ट्झचा घूं मारायला साधारण सव्वा मीटर नळी लागते. चांगल्या संचांत ही नळी आकड्यासारखी वळवून सायलेन्सरशेजारी दडवलेली असते. कॅटलॉगमध्ये टोकाच्या चकचकीत नळीचे फोटो दहा असतात, हिचा एकही नसतो. भाच्याला मी सांगितलं, बाकी काही विचारू नकोस, ही आहे का तेवढं विचार.

सायलेन्सरचे प्रकारही कळायला हवेत. एका जातीत आत पत्र्याचे कप्पे असतात. आवाज भिंतींवर आपटत फिरतो आणि खर्जातला, राकट निघतो. दुसऱ्या जातीत सरळ भोकाभोकांची नळी आणि भोवती फायबर ग्लासचं भरण. वायू मोकळा जातो, पण भरण जळत गेलं की वर्षागणिक आवाज चढतो. आणि धातू? आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. ४०९ जातीचं स्टील स्वस्त, पण त्यावर तांबेरा धरतो. ३०४ म्हणजे आपल्या घरच्या चांगल्या ताटवाट्यांचं. महाग, पण मिशिगनमध्ये तेच घ्यावं.

जिवाला घोरच नको असेल, तर फोर्ड, शेव्हरोले आणि टोयोटा आपापल्या नावाने असे संच विकतात. त्यातले काही बोर्लासारख्या नावाजलेल्या कंपनीकडून बनवून घेतलेले. डीलरकडूनच बसवून घ्यायचे. वॉरंटी किती आणि कशाला हे बिलावर लिहून घ्यायचं. पैसे जास्त जातात. भाच्याने कुरकुरत तेच केलं, आणि आडव्या नळीवाला संच निवडला.

बसवताना मी मुद्दाम हजर राहिले. मूळ पाइप रबरी कड्यांवर टांगलेला असतो. त्यांच्यावर तेलाचा फवारा मारून लोखंडी हूक रेटून काढावे लागतात. नवा संच पट्ट्यांनी आवळून बसवला, वेल्डिंग कुठेच नाही. वेल्डिंग केलं की परतीची वाट बंद, म्हणून मी त्यावर अडून बसले होते. मूळ सायलेन्सर भाच्याच्या गॅरेजमध्ये आहे, बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो त्याच्या फोनमध्ये. उद्या सर्व्हिस काउंटरवर कुणी 'वॉरंटी गेली' म्हणालंच, तर भांडायचं नाही. नकार कारणासकट लेखी मागायचा. माझ्या ओळखीच्या एकीला असाच तोंडी नकार मिळाला होता. तिने कागद मागितला, आणि काउंटरवरच्या माणसाला अचानक मॅनेजरशी बोलायची गरज वाटली.

हे सगळं अमेरिकेचं, बरं का. महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी पोलिस बुलेटचे फटाकेबाज सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे मॅग्नुसन आणि मॉस मदतीला येणार नाहीत.

काही आठवडे चालवल्यावर पट्ट्या तापून-निवून सैल पडतात, त्या पुन्हा आवळायला भाचा आला तेव्हा नवंच पिल्लू घेऊन आला. आता त्याला इंजिनाचा कॉम्प्युटर 'ट्यून' करायचाय. सायलेन्सर निदान डोळ्यांना दिसतो. सॉफ्टवेअर बदललं की त्याची नोंद कॉम्प्युटरमध्ये राहू शकते, आणि मग पिस्टन फुटला तर कंपनीकडे नाकारायला आयतं कारण तयार. मी म्हटलं, खडूची रेघ पुसली गेली वाटतं. तो म्हणाला, "मावशी, पाच वर्षांनी वॉरंटी संपली की मग?" मी त्याच्या हातात पाना दिला आणि राहिलेली पट्टी आवळायला लावली.